चित्र कधी दाखवणार? चित्रांवरून रचलेलं चेंबर संगीत ऐकायला शिकताना

काही वर्षांपूर्वी मावशीला मी दक्षिण मुंबईतल्या एका लहान सभागृहात पियानो ऐकायला नेलं. मावशी राहायला दादरला, बोली मात्र अजून रत्नागिरीची. आयुष्यभर बैठका ऐकलेली. समेवर मान हलवल्याशिवाय तिला गाणं पचत नाही. रचना एका चित्रप्रदर्शनावरून केलेली आहे, असं कार्यक्रमपत्रिकेत छापलं होतं. ती अर्धा तास हूं की चूं न करता बसली आणि मध्यंतरात म्हणाली, "वाजवलंन छान गो, पण चित्र कधी दाखवणार?"

मी हसले खरी, पण उत्तर माझ्याकडेही नव्हतं. ते शोधताना ज्या क्रमाने मी ऐकत आणि बघत गेले, तोच क्रम इथे देते आहे. पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण नसलं तरी चालेल, मलाही नाही. एक छोटी वही मात्र लागेल.

आधी खोली समजून घ्या

चेंबर म्हणजे खोली. खोलीत मावेल एवढं संगीत: दोन ते आठ-नऊ वादक, प्रत्येकाची ओळ वेगळी, आणि समोर छडी घेऊन उभा राहणारा कंडक्टर नाही. सुरुवात कधी करायची हे वादक एकमेकांच्या श्वासावरून आणि भुवयांवरून ठरवतात. खासगी बैठकीत तबलजी गवयाच्या तोंडाकडे बघत असतो, तशातलाच प्रकार. सगळ्यात नावाजलेला संच चौघांचा: दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. व्हिओला ही व्हायोलिनची थोरली, जरा घोगऱ्या गळ्याची बहीण. चेलो गुडघ्यांमध्ये धरून वाजवतात.

आपल्या कानाला पहिली ठेच तानपुऱ्याची लागते. तो इथे नाही. आपला षड्ज एकदा लागला की रात्रभर हलत नाही, इथे तो सरकतो, कधी कधी दोन मिनिटांत चार वेळा. सुरुवातीला घर सापडत नाही असं वाटेल. शोधू नका, वादकांबरोबर चालत राहा. महिनाभरात सवय होते.

नुसता पियानो वाजतो तेव्हा काटेकोर अर्थाने त्याला चेंबर संगीत म्हणत नाहीत, कारण वादक एकच. तरी मी सुरुवात पियानोपासूनच करायला सांगेन. एका वाद्याचा माग ठेवणं सोपं, आणि चित्रांवरून रचलेल्या उत्तम गोष्टी पियानोसाठीच पुष्कळ आहेत.

वहीत फक्त क्रियापदं

वहीचा नियम एकच. चित्र बघताना किंवा तुकडा ऐकताना विशेषणं लिहायची नाहीत. "सुंदर", "उदास", "गूढ" सगळं बाद. फक्त क्रियापदं लिहा: सरकतं, अडतं, लपतं, घसरतं, परत येतं. चित्र रंगात आणि संगीत आवाजात असलं तरी क्रियापदं दोघांना सामाईक असतात. रचनाकाराने चित्रातून नेमकं काय उचललं, हे मला तरी याच वाटेने कळायला लागलं.

पहिले दोन आठवडे: एकच रचना

रशियन संगीतकार मुसोर्गस्की याची 'पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन' घ्या. त्याचा मित्र व्हिक्टर हार्टमन, वास्तुरचनाकार आणि चित्रकार, १८७३ मध्ये ऐन उमेदीत गेला. पुढच्या वर्षी सेंट पीटर्सबर्गला त्याच्या कामाचं स्मृतिप्रदर्शन भरलं. ते बघून आलेल्या मुसोर्गस्कीने १८७४ च्या जूनमध्ये काही आठवड्यांत ही पियानोरचना पुरी केली. वाजायला साधारण अर्ध्या तासाहून थोडी जास्त. यूट्यूबवर शोधलं की आधी मोठा ऑर्केस्ट्रा समोर येईल. ते फ्रेंच संगीतकार राव्हेलने १९२२ मध्ये केलेलं रूप आहे, भरजरी आणि देखणं. तूर्त ते बाजूला ठेवा आणि मूळ पियानोच ऐका. शालू नेसवण्याआधी माणूस ओळखीचा झालेला बरा.

रचनेत दहा चित्रं आहेत, आणि त्यांच्या मधूनमधून 'प्रोमेनाड' नावाची एक धून परत परत येते. ही दालनातून फिरणाऱ्या मुसोर्गस्कीची स्वतःची चाल. एक माप पाच ठोक्यांचं, पुढचं सहाचं, पुन्हा पाच, पुन्हा सहा. मावशीला हे सांगितलं तेव्हा ती तत्काळ म्हणाली, "म्हणजे अकरा मात्रा. मग सम खंय?" सम नाही. जहांगीर आर्ट गॅलरीत रविवारी दुपारी माणसं कशी चालतात ते आठवा: दोन पावलं, थबकणं, मागे वळणं, पुढच्या चित्राकडे जरा घाईने. अशा चालीला सम कुठून येणार?

पहिल्या खेपेला फक्त प्रोमेनाड मोजा. ती कधी भारदस्त, कधी हळवी, कधी नुसती ओझरती येते. बघणारा आधीच्या चित्रातून काय घेऊन निघाला, हे त्यावरून कळतं.

दुसऱ्या खेपेला 'बिद्वो' नावाचा भाग नीट ऐका. पोलिश बैलगाडी, मोठाली चाकं, डाव्या हातात सारखी तीच धडधड. मुसोर्गस्कीच्या हस्तलिखितात ही गाडी पहिल्या सुरापासून दणक्यात, अगदी कानाशी येऊन उभी राहते. त्याच्या मृत्यूनंतर १८८६ मध्ये रचना छापली गेली, तेव्हा संपादन करणाऱ्या रिम्स्की-कोर्साकोव्हने ती हळू सुरू करून लांबून जवळ येणारी केली. राव्हेलनेही तेच उचललं. म्हणून दोन वेगळ्या पियानोवादकांचं ध्वनिमुद्रण लावा आणि बघा, गाडी लांबून येते की दारातच उभी आहे? चित्र तेच, बघणारा कुठे उभा आहे ते बदललं. माझ्या मते या अख्ख्या विषयाची किल्ली या दोन मिनिटांत आहे.

तिसऱ्या खेपेला भुयारातल्या हाडांचा भाग. पॅरिसच्या भुयारात कंदिलाच्या उजेडात उभी असलेली माणसं हार्टमनने रंगवली होती, त्यात एक तो स्वतः. इथवर प्रोमेनाड चित्रांच्या बाहेर होती. या भागाच्या उत्तरार्धात ती उजव्या हाताच्या थरथरत्या सुरांखाली, अंधारात वाजू लागते. बघणारा चित्राच्या आत शिरला. मेलेल्या मित्राला भेटायला गेला म्हणा हवं तर.

बाकीची चित्रं मजेची आहेत. अंड्याच्या टरफलासकट नाचणारी पिल्लं म्हणजे एका बॅलेतल्या मुलांच्या पोशाखाचं रेखाटन. कोंबडीच्या पायांवर उभी असलेली चेटकिणीची झोपडी हे मूळ घड्याळाचं डिझाइन होतं. शेवटी घणघणणारा कीव्हचा भव्य दरवाजा प्रत्यक्षात कधी बांधलाच गेला नाही. प्रदर्शनातली बरीचशी चित्रं आज हरवलेली आहेत. म्हणजे मावशीला चित्र दाखवायचं म्हटलं असतं, तरी सगळी दाखवता आली नसती.

मग संग्रहालयात जा, आणि उलटं ऐका

आता कान जरा बाजूला ठेवून काळ्या घोड्याला जायचं. मेट्रो-३ ने हुतात्मा चौक किंवा लोकलने चर्चगेट, तिथून चालत.

पहिलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. लघुचित्रांच्या दालनात रागमालेतलं एखादं पान मांडलेलं असेल तर त्यापुढे दहा मिनिटं थांबा, घड्याळ लावून. आपल्याकडे हा प्रवास उलट्या दिशेने झाला. पश्चिमेत चित्रावरून संगीत रचलं, आपल्या चित्रकारांनी रागावरून चित्र काढलं. तोडी रागिणी म्हणजे रानात वीणा घेऊन उभी असलेली स्त्री आणि सुरांना भुललेली हरणं. हिंदोल म्हणजे झोपाळा. मेघ म्हणजे दाटून आलेलं आभाळ. घरी येऊन तोडी लावा आणि वहीतली क्रियापदं ताडून बघा. हरीण रागात कुठेच सापडणार नाही. पण कोमल गंधारावर जवळ यायचं आणि बिचकून मागे सरायचं, हे माझ्या वहीत दोन्हीकडे निघालं. तुमच्याकडे दुसरं काही निघेल, निघू द्या.

दुसरं, रस्त्यापलीकडची राष्ट्रीय आधुनिक कला दालनाची इमारत. हे दालन १९९६ मध्ये सुरू झालं. त्याआधी हा सर कावसजी जहांगीर हॉल होता, सभांचा आणि मैफलींचा. आज अर्धगोल दालनांतून जिन्याने घुमटापर्यंत चित्रं बघत जाताना मला नेहमी वाटतं, भिंतींना अजून सवय असेल. सोमवारी बंद असतं. तिकीट किरकोळ आहे. जहांगीर आर्ट गॅलरी तर फुकट. 'सामोवार' आणि 'ऱ्हिदम हाऊस' आता राहिले नाहीत, त्यामुळे बघून झाल्यावर चहा आणि कॅसेट या दोन्हींची सोय गेली. जुन्या लोकांना याबद्दल विचारू नका, तासभर जाईल.

तीन लहान घास

फ्रेंच संगीतकार डेब्यूसीचं 'प्वासाँ दॉर', म्हणजे सोनेरी मासे. १९०७ मधलं, चार मिनिटांचं. त्याच्याकडे काळ्या लाखेचा एक जपानी फलक होता, त्यावर सोनेरी मासे. सूर पाण्यासारखे सळसळतात हे कुणीही सांगेल. तुम्ही मासा वळतो ती जागा शोधा.

पूलांक या फ्रेंच संगीतकाराची १९५६ मधली सात गाणी, 'ल त्राव्हाय द्यू पँत्र', म्हणजे 'चित्रकाराचं काम'. शब्द कवी पॉल एल्युआरचे. एकेक गाणं एकेका चित्रकारावर: पिकासो, शगाल, ब्राक, ग्रिस, क्ली, मिरो, व्हियाँ. एक गायक, एक पियानो. भावगीतावर वाढलेल्या कानाला हे लगेच जवळचं वाटतं. पियानो इथे नुसती साथ करत नाही, बरोबरीने बोलतो. यातला क्ली स्वतः चांगला व्हायोलिनवादक होता, हे जाता जाता.

जॉर्ज क्रम्ब या अमेरिकन संगीतकाराने इटलीतल्या पादुआच्या प्रार्थनागृहातल्या जोत्तोच्या भित्तिचित्रांवरून नाताळसाठी पियानोची एक छोटी मालिका लिहिली. वादक उठून पियानोच्या पोटात हात घालून तारा छेडतो. हे बघायला मजा येते, म्हणून व्हिडिओच लावा.

चौघे आणि एक नकाशा

मग तारवाद्यांची चौकडी. कॅरोलाइन शॉ या अमेरिकन संगीतकार बाईंची 'प्लॅन अँड एलिव्हेशन' २०१५ ची आहे. वॉशिंग्टनमधल्या डंबार्टन ओक्स या जुन्या बागेवरून रचलेली, पाच भागांत. हे चित्र नव्हे, रेखाटनाची भाषा आहे. पण मुंबईकराइतकं ती दुसऱ्या कुणाला कळेल? बिल्डरच्या माहितीपत्रकात फ्लॅटचा वरून दिसणारा प्लॅन असतो आणि समोरून दिसणारं एलिव्हेशन. प्लॅनमध्ये बेडरूम ऐसपैस असते, प्रत्यक्षात कपाट उघडलं की दार बंद करावं लागतं. कागदावरची बाग आणि चालून बघितलेली बाग यांतलं अंतर या रचनेत आहे. पहिल्यांदा फक्त चेलोच्या मागे जा, तो जमीन आखतो. दुसऱ्यांदा वरच्या व्हायोलिनच्या मागे. चौघांना एकाच वेळी ऐकण्याचा हट्ट सुरुवातीला धरू नका.

सगळ्यात हळू, सगळ्यात शेवटी

अमेरिकन संगीतकार मॉर्टन फेल्डमन. मी याला पहिल्या खेपेला झोपले, दुसऱ्या खेपेला चिडले, आणि आता महिन्यातून एकदा तरी तो लागतो.

अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात एक अष्टकोनी प्रार्थनागृह आहे. आत मार्क रॉथ्कोची चौदा प्रचंड, काळपट जांभळी चित्रं. १९७१ मध्ये ते खुलं झालं. त्याच्या आदल्या वर्षी रॉथ्को गेला होता. फेल्डमनने १९७१ मध्येच 'रॉथ्को चॅपल' लिहिलं: व्हिओला, चेलेस्टा (पियानोसारखं, पण घंट्यांसारखं नाजूक वाजणारं वाद्य), तालवाद्यं आणि शब्दांविना गाणारे आवाज. साधारण पंचवीस मिनिटं. रॉथ्कोचा रंग कॅनव्हासच्या काठापर्यंत जातो, मध्ये थांबत नाही. तसंच संगीताने सगळी खोली भरावी, असं फेल्डमनला हवं होतं. म्हणून इथे कथा नाही, चाल नाही. एक सूर येतो, राहतो, विझतो, पुढचा यायला वेळ लावतो. धृपदाचा आलाप संथपणे ऐकलेल्यांना याचं फारसं भय वाटू नये. आणि अगदी शेवटी व्हिओला एक साधी, गाता येईल अशी धून वाजवते. ती फेल्डमनने पोरवयात रचलेली. इतका वेळ अंधारात बसल्यावर कुणी खिडकी उघडावी तशी ती येते. थेट शेवटावर उडी मारून ऐकलीत तर काहीच वाटणार नाही, मी करून बघितलं आहे.

हे ऐकण्याआधी, शक्य असेल तर, वासुदेव गायतोंड्यांचं एखादं चित्र प्रत्यक्ष बघा. आधुनिक कला दालनात मांडलेलं असेल तर तिथे, नाही तर एखाद्या प्रदर्शनात. गायतोंडे गिरगावातल्या चाळीत वाढले, जेजेत शिकले, सुरुवातीला क्लीच्या वळणाने गेले आणि १९६४ मध्ये शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला जाऊन आले. त्यांच्या चित्रातला रंग पाण्यातून वर येणाऱ्या वस्तूसारखा सावकाश वर येतो, त्याला मिनिटं लागतात. मोबाइलवर ते चित्र म्हणजे नुसता पिवळा चौकोन दिसतो.

फेल्डमनचं चित्रकार फिलिप गस्टनशी घट्ट मैत्र होतं. १९७० मध्ये गस्टनने अमूर्त चित्रं सोडून बूट, डोकी, टोप्या रंगवायला घेतल्या. फेल्डमनला ते रुचलं नाही आणि बोलणं तुटलं. गस्टन १९८० मध्ये गेला. चार वर्षांनी फेल्डमनने बासरी, तालवाद्यं आणि पियानो-चेलेस्टा यांच्यासाठी 'फॉर फिलिप गस्टन' लिहिलं. ते चार तासांहून मोठं आहे. नवख्यांनी त्याच्या वाट्याला जाऊ नये. गेलातच तर सुट्टीच्या दिवशी जा.

आता प्रत्यक्ष मैफलीला

नरिमन पॉइंटचं एनसीपीए, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स, हे मुख्य ठिकाण. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून तिथलीच. मोठ्या कार्यक्रमांचा मोसम साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या आसपास असतो. तुमचं लक्ष लहान सभागृहातल्या कार्यक्रमांवर असू द्या, चेंबर संगीत तिथे खुलतं. मेहली मेहता म्युझिक फाउंडेशनने 'संगत' नावाचा चेंबर संगीताचा महोत्सव भरवला आहे (नाव किती नेमकं आहे बघा). गिरगावातलं २०१६ मध्ये पुन्हा उघडलेलं रॉयल ऑपेरा हाऊस आणि काळ्या घोड्याचं मॅक्स म्युलर भवन यांच्या कार्यक्रमांवरही नजर ठेवा. सगळं चित्रांवरचंच मिळेल असं नाही. हायडन या जुन्या संगीतकाराची चौकडी मिळाली तर तीही ऐका, कान तयार होतो.

पियानो असेल तर रंगमंचाकडे तोंड करून डाव्या बाजूची खुर्ची घ्या, म्हणजे हात दिसतात. चौकडी असेल तर मध्यावर, पुढे. वेळेआधी वीस मिनिटं पोहोचा. उशीर झाला तर एक रचना संपेपर्यंत बाहेर उभं करतात, आणि मुंबईच्या ट्रॅफिकची सबब तिथे कुणी ऐकत नाही. एसी कडक असतो, शाल न्या. साडी, जीन्स, काहीही चालतं. खोकल्याची गोळी आधीच कागदातून काढून रुमालात ठेवा.

टाळीचं तेवढं जपा. चार भागांच्या रचनेत पहिला भाग संपला की टाळी वाजवायची नसते, शेवटीच वाजवायची. पत्रिकेवर भाग मोजा, आणि तरी खात्री नसेल तर वादकांचे गज खाली येईपर्यंत थांबा. मधे "वा" म्हणायचं नाही, हे मावशीला सगळ्यात जड गेलं. "मग त्याला कळणार कसं, आपल्याला कळलं ते?" असं तिने विचारलं. मी तिला एवढंच सांगितलं की मान हलवायला बंदी नाही.

एनसीपीएहून परतताना मरीन ड्राइव्हच्या कडेने चर्चगेटपर्यंत चालत या. वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि वही भरून होते.

घरची बैठक

हे सगळं महिना-दोन महिने केलं की चार माणसं जमवा. एकाने चित्र आणायचं: छापील, मोठं, भिंतीवर टाचण्याजोगं. दुसऱ्याने त्याच चित्रावरचा तुकडा. आधी दहा मिनिटं चित्र बघायचं, कुणी बोलायचं नाही, क्रियापदं लिहायची. मग चित्र उतरवून ठेवायचं आणि ऐकायचं. मग वह्या उघडायच्या. भांडणं होतात, ती होऊ द्यावीत. आमच्याकडे बैलगाडी "येते" की "जाते" यावर जेवण थंड झालं.

वेळ रात्री दहानंतरची ठेवा, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या थांबलेल्या असतात. फेल्डमन लावणार असाल तर पंखाही बंद करा, आणि फ्रिजसुद्धा, कारण त्या शांततेत फ्रिजची घरघर आणखी एका वादकासारखी ऐकू येते. मावशीनेच उठून आमचा फ्रिज बंद केला, शेवटची व्हिओला ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि आम्ही सगळे तसेच झोपायला गेलो. सकाळी दोन लिटर दूध नासलेलं. तेव्हा फ्रिज परत लावायचा गजर मोबाइलवर आधीच करून ठेवा.